किचन क्लीनरने धुतलेली गाडी: गुहागर तालुक्यातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गुहागर तालुक्यात समुद्राच्या अगदी जवळ चार खोल्यांचं एक होमस्टे आहे. मालकांची गाडी सात आसनी, गडद निळी, चार वर्षांची. पाहुण्यांना चिपळूण स्टेशनवरून आणायचं-सोडायचं, म्हणजे एका वेळी साधारण ४५ किलोमीटर, आणि अधूनमधून बंदरावरून मासळी आणायची, हे तिचं रोजचं काम. गाडीला शेड नाही. मे महिन्यात ती आंब्याच्या सावलीत उभी असायची. (माणसं ओळखू येऊ नयेत एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत, गाडीचं जे झालं ते जसंच्या तसं आहे.)

पावसाच्या तोंडावर गाडी एकदा नीट धुऊन घ्यावी असं ठरलं. सुट्टीत आलेल्या पुतण्याने काम अंगावर घेतलं. गाडीवर तेव्हा खाऱ्या वाऱ्याचा चिकट थर आणि त्यावर बसलेली जांभ्याची तांबडी धूळ होती. टपावर आंब्याचा चीक ठिपक्या-ठिपक्यांनी वाळला होता, बॉनेटवर कावळ्यांची विष्ठा होती, दारांच्या खालच्या भागावर डांबराचे शिंतोडे होते. डिकीत बर्फातल्या सुरमईचं पाणी सांडून कार्पेटमध्ये मुरलं होतं.

यातल्या प्रत्येक घाणीला वेगळा उपाय लागतो. मीठ पाण्यात विरघळतं, त्याला साबणही लागत नाही. धूळ भरपूर पाण्याने सुटते. चीक आणि डांबर पाण्याला दाद देत नाहीत, त्यांना तेल किंवा स्पिरिट लागतं. विष्ठा भिजवून मऊ करावी लागते. हाताशी मात्र एकच बाटली होती, शेगडी आणि चिमणीचा तेलकटपणा काढायचं फवाऱ्याचं किचन क्लीनर. ‘सगळ्या पृष्ठभागांसाठी’ असं बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं. मागे बारीक अक्षरांत ‘अ‍ॅल्युमिनियमवर आणि रंगवलेल्या पृष्ठभागावर वापरू नये’ असंही होतं. ते नंतर वाचलं गेलं.

काय बिघडलं

सकाळी अकराच्या सुमारास गाडी सावलीतून उन्हात काढली. टप, रूफ रेल (टपावरच्या धातूच्या दांड्या), बॉनेट, चाकं, काळं प्लास्टिक, सगळीकडे क्लीनर पाणी न घालता मारलं. विहिरीवरून पाणी आणेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली आणि तेवढ्यात टपावरचा फेस वाळला. मग भांडी घासायच्या हिरव्या घासणीने मागचं दार आणि टप घासलं. गाडीवर दोन बादल्या पाणी ओतलं. त्याच क्लीनरच्या ओल्या फडक्याने डॅशबोर्ड आणि टचस्क्रीन पुसली, आणि उरलेलं डिकीतल्या कार्पेटवर मारलं.

गाडी वाळल्यावर एकेक दिसायला लागलं. चंदेरी रूफ रेलवर खडूसारखे पांढरे ओघळ उठले होते. बॉनेट आणि टपावर फेस जसा ओघळला होता तसेच धुरकट पट्टे होते. मागच्या दारावर उन्हात चमकणारे बारीक ओरखडे पडले होते. दोन अ‍ॅलॉय (अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) चाकांच्या कडा काळपट राखाडी झाल्या, स्क्रीनवर पुसता न येणारे डाग राहिले, आणि डिकीचा वास कमी होण्याऐवजी नाकाला झोंबण्याइतका वाढला. पुतण्याच्या बोटांची कातडी बुळबुळीत होऊन चुरचुरत होती.

हे का झालं, ते समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात. तेलकटपणा काढणारी किचन क्लीनर अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असतात. गाडीच्या शाम्पूचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) ७ च्या आसपास असतो, तर चिमणी साफ करणारी द्रावणं बहुधा ११ ते १३ मध्ये असतात. पीएचची एक पायरी म्हणजे दहापट फरक, त्यामुळे ‘थोडं कडक’ म्हणून हे सोडून देता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचं पातळ कवच असतं आणि अ‍ॅनोडाइज केलेल्या रेलवर तेच कवच मुद्दाम जाड केलेलं असतं. अल्कली नेमकं ते कवच विरघळवते. रेलवर दिसलेला पांढरेपणा म्हणजे खाल्लं गेलेलं कवच होतं, म्हणून तो पुसून जात नव्हता.

रंगावर वेगळं झालं. रंगाच्या वरचा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात, साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ. तो पाणी मिसळलेलं अल्कधर्मी द्रावण मिनिटभर सहज सोसतो. पण मेच्या उन्हात गडद रंगाचा पत्रा हात टेकवता येणार नाही इतका तापतो. द्रावणातलं पाणी उडून जातं आणि मागे उरलेला थेंब दर सेकंदाला अधिक तीव्र होत जातो. वाळलेला फेस म्हणजे बाटलीतल्यापेक्षाही कडक क्लीनर, हे फार कमी जणांच्या लक्षात येतं.

पहिला निर्णय: घासायचं की थांबायचं

पट्टे दिसल्यावर पुतण्याने पुन्हा फडकं उचललं. “काका, पुसलं तरी जात नाहीये.” मालकांनी त्याला तिथेच थांबवलं. “घासू नको. गाडी सावलीत घे आणि आधी नुसतं पाणी मार.”

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा निर्णय हाच. तापलेल्या पत्र्यावर अल्कलीने नरमलेला थर घासला तर डागासोबत ओरखडेही पडतात, आणि मग कोणतं नुकसान कशाने झालं हे सांगता येत नाही. आधी पुतण्याने हात वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरले. बुळबुळीतपणा म्हणजे अल्कली कातडीवरच्या तेलाचा साबण करत असते. तो पूर्ण जाईपर्यंत धूत राहायचं, वर लिंबू किंवा व्हिनेगर चोळायचं नाही.

गाडीवरही व्हिनेगर मारून ‘उतारा’ करावा असं शेजारून सुचवलं गेलं. ते केलं नाही. अल्कली काढायला भरपूर पाणी पुरतं, आणि कवच गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर वरून आम्ल ओतणं म्हणजे त्याच जखमेला दुसऱ्या बाजूने डिवचणं. पाणी पुरेसं झालं की नाही हे बघायला पीएच कागद वापरला. तो शाळेच्या प्रयोगशाळेला सामान पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. दोन वेळा धुतल्यावर बॉनेटवर कागद हिरवा आला, म्हणजे ठीक. पण रूफ रेलचा पाय जिथे रबराच्या गॅस्केटवर बसतो तिथल्या फटीला टेकवताच तो गडद निळा झाला. पत्रा दिसायला स्वच्छ होता आणि फटीत द्रावण तसंच होतं. त्या चार पायांवर, दारांच्या रबरांत आणि काचेच्या पट्टीखाली नळी लावून पाणी सोडत राहिल्यावर कागद तिथेही हिरवा आला.

पाण्याचाही प्रश्न होता. मेमध्ये खालच्या आगरातल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. ते वाळलं की पांढरी वर्तुळं उठतात, आणि ती क्लीनरच्या डागांत मिसळली तर निदान चुकतं. म्हणून मुख्य धुणं विहिरीच्या पाण्याने आणि शेवटच्या दोन बादल्या नळाच्या पाण्याच्या, असं ठरलं. गाडी विहिरीपासून लांब, उताराच्या दुसऱ्या बाजूला घेतली, कारण धुतलेलं पाणी विहिरीत झिरपायला नको होतं.

नुकसान ओळखणं

सगळं निवळल्यावर गाडीच्या शाम्पूने एकदा धुऊन, मायक्रोफायबरने टिपून, पडवीच्या सावलीत मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तपासणी केली. दोन साध्या चाचण्या उपयोगी पडल्या. डागावर पाण्याचा हात फिरवायचा. ओला असताना डाग दिसेनासा होऊन वाळल्यावर परत आला तर झीज वरवरची आहे, पॉलिशने निघायची शक्यता चांगली. ओला असतानाही दिसत राहिला तर नुकसान खोल आहे. ओरखड्यावर नख आडवं फिरवायचं. नख अडकलं तर हाताच्या पॉलिशने तो जाणार नाही.

बॉनेटचे पट्टे ओले होताच नाहीसे झाले. टपावरचे दोन राहिले. घासणीचे ओरखडे नखाला लागत नव्हते, पण संख्येने फार होते. काळ्या प्लास्टिकवरचा पांढुरका थर बराचसा वाळलेलं क्लीनरच निघालं. चाकांपैकी दोन पूर्ण चांगली होती, कारण त्यांच्यावरचं लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) शाबूत होतं. राखाडी झालेल्या दोन्ही चाकांच्या कडा आधीच फुटपाथला घासून सोललेल्या होत्या आणि तिथे अ‍ॅल्युमिनियम उघडं होतं. एकच क्लीनर, तेवढाच वेळ, आणि शेजारशेजारच्या चाकांवर परिणाम वेगळा, हे बारकाईने बघण्यासारखं आहे. काय सुरक्षित हे घाणीवरून ठरत नाही. घाणीखाली काय आहे आणि ते किती धड आहे यावरून ठरतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे गाडी लगेच चिपळूणला नेऊन पूर्ण मशीन पॉलिश करून घेणं. एका दिवसात काम होतं, पण मशीन क्लिअर कोटचा थोडा थर कायमचा काढतं, आणि गाडीच्या बऱ्याच भागाला त्याची गरजच नव्हती. दुसरा पर्याय टूथपेस्टचा, जो गावोगाव सांगितला जातो. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात आणि त्यांची जाडी गाडीच्या रंगासाठी ठरवलेली नसते. एका डागाच्या बदल्यात धुरकट गोल मिळतो. तिसरा, ‘पाऊस येतोच आहे, धुऊन निघेल’ म्हणून सोडून देणं. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर खारा, दमट वारा चार महिने बसला तर काय होतं हे किनाऱ्यावर प्रत्येकाच्या खिडकीच्या चौकटीत दिसतं.

चौथा पर्याय निवडला. सगळ्यात सौम्य उपायापासून सुरुवात करायची, प्रत्येक पायरी एका छोट्या चौकोनावर करून बघायची आणि परिणाम दिसला तरच पुढे जायचं. त्याला वेळ जास्त लागला, पण जो थर परत येणार नाही तो विनाकारण काढला गेला नाही.

काय केलं: बाहेरची बाजू

बॉनेटवर साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरचा चौकोन घेऊन बारीक फिनिशिंग पॉलिशचे तीन-चार वाटाण्याएवढे थेंब, फोमच्या पॅडने हलक्या हाताने, आधी आडवं मग उभं. चौकोन स्वच्छ झाला, म्हणून पूर्ण बॉनेट तसंच केलं. टपावर दोनदा केल्यावर पट्टे फिके झाले, तिथे थांबलं. तिसऱ्यांदा केलं असतं तर कदाचित गेले असते, पण टपावर ऊन सगळ्यात जास्त बसतं आणि तिथला क्लिअर कोट जपणं जास्त महत्त्वाचं. मागच्या दारावरचे ओरखडे पुसट झाले, पूर्ण गेले नाहीत.

रूफ रेलवर मेटल पॉलिश लावायचा मोह झाला होता. लावलं असतं तर तेवढा भाग चकाकला असता, पण उरलंसुरलं अ‍ॅनोडायझिंगही गेलं असतं, आणि समुद्राकाठी उघडं अ‍ॅल्युमिनियम लवकर टिपके पडून खवलं जातं. रेल स्वच्छ धुऊन, वाळवून त्यांच्यावर काळी व्हिनाइल फिल्म लावून घेतली. चाकांच्या कडा शाम्पूने धुऊन, फटीतलं पाणी टिपून वर वॅक्स लावलं. उघडं अ‍ॅल्युमिनियम तात्पुरतं झाकण्याइतकंच ते आहे. धुणं संपल्यावर गाडी अंगणाबाहेर सावकाश चालवून चार-पाचदा ब्रेक दाबले, म्हणजे डिस्कवरचं पाणी आणि गंजाची साय निघून जाते.

चीक आणि डांबर तोपर्यंत तसंच होतं, एवढं कडक क्लीनर मारूनही. चिकावर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवलं, उरलेल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान करून टिपून घेतलं. डांबराला खोबरेल तेल लावून ते मऊ होऊ दिलं, मग मऊ कापडाने उचललं आणि तेल शाम्पूने धुतलं.

काय केलं: डिकी

मासळीच्या वासाचं कारण कळलं की उपाय उलटा का पडला ते कळतं. समुद्री माशाचा वास बराचसा ट्रायमिथाइलअमाइनचा असतो आणि ते स्वतः अल्कधर्मी आहे. त्यावर अल्कधर्मी क्लीनर मारलं की ते मोकळं होऊन हवेत येतं, म्हणून वास वाढला. आम्लाने मात्र त्याचं मिठासारखं संयुग बनतं आणि ते उडत नाही. स्वयंपाकघरात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. काकूंनी डिकीचं झाकण उघडताच विचारलं, “आपण माशाला लिंबू, आगळ लावतो ना? मग इथे सोड्याचं औषध कशाला मारलंत?”

त्याआधी कुणीतरी ब्लीच ओतायचं सुचवलं होतं. ते नाकारलं, आणि बरं झालं. ब्लीचवर व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया असलेलं काच-क्लीनर पडलं तर क्लोरामाइन. बंद डिकीत डोकं घालून काम करणाऱ्याला दोन्ही घातक. शिवाय तिसऱ्या रांगेच्या सीटबेल्टला ब्लीच लागलं तर पट्ट्याचा धागा कमजोर होतो आणि ते वरून दिसत नाही. बेल्टला सौम्य साबण आणि पाणी, बाकी काहीही नाही.

कार्पेट आणि खालचं नमदं बाहेर काढलं. साध्या गार पाण्याने क्लीनर धुतलं (गरम पाण्याने माशातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात), मग एक वाटी पांढरं व्हिनेगर आणि चार वाट्या पाणी असं मिश्रण फवारून दहा मिनिटांनी जुन्या टॉवेलने दाबून टिपलं. हे दोनदा केलं. डिकीच्या तळाशी स्पेअर व्हीलच्या खड्ड्यात अर्धी वाटी खारं, लालसर पाणी साचलेलं सापडलं. ते टिपून खड्डा गोड्या पाण्याने धुतला, रबरी बूच काढून निचरा केला आणि पूर्ण कोरडा करून मगच बूच लावलं. वरच्या वासापेक्षा हे पाणी जास्त गंभीर होतं. पत्रा तिथूनच सडतो. कार्पेट वाऱ्यावर, सावलीत वाळायला दोन दिवस लागले. खाण्याचा सोडा वाळल्यानंतरच भुरभुरला. ओल्यावर टाकला असता तर व्हिनेगरचं काम पुसलं गेलं असतं.

निष्पत्ती

बॉनेट पूर्ववत झालं. टपावरचे दोन पट्टे विशिष्ट कोनातून दिसतात. मागच्या दाराचे ओरखडे राहिले आहेत. रेल फिल्मखाली झाकली गेली. काळं प्लास्टिक धुऊन ट्रिम ड्रेसिंग (प्लास्टिकला तजेला देणारा लेप) लावल्यावर चांगलं झालं. टचस्क्रीनवरचा लेप गेला तो गेलाच. तिथे उजेडात ढगाळ ठिपके दिसतात आणि त्यावर उपाय म्हणजे स्क्रीन बदलणं किंवा वर संरक्षक काच लावणं. डिकीचा वास गेला.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी वेळ. सकाळी सात वाजता, पत्रा गार असताना नुसतं पाणी मारून मीठ आणि धूळ काढली असती तर अर्ध्याहून जास्त गाडी तिथेच स्वच्छ झाली असती. किनाऱ्यावर दर आठवड्याला नुसत्या गोड्या पाण्याने, गाडीखालूनही, धुणं हे कोणत्याही क्लीनरपेक्षा उपयोगी.

गाडीचा शाम्पू नसेल आणि एखाद्या वेळी चालवून न्यायचं असेल तर भांड्यांचं लिक्विड, ५ लिटर पाण्याला एक चमचा, रंगासाठी चालतं. ते वॅक्स उतरवतं, म्हणून सवय करायची नाही आणि नंतर वॅक्स लावायचं. कपड्यांची पावडर नको. ती अल्कधर्मी असते आणि न विरघळलेले दाणे घासतात.

घरातलं साधं, सगळीकडे चालणारं क्लीनर गाडीवर कुठे वापरावं? टायर, चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर, रबरी मॅट, पेडलचं रबर. तिथे १ लिटर पाण्यात १०० मिलिलिटर पुरतं, टायरसाठी फार तर २००. एका वेळी एकच चाक घ्यायचं, ते गार असताना. ब्रशने घासून दोन मिनिटांच्या आत धुवायचं, वाळू द्यायचं नाही. अ‍ॅलॉयवर उडालं तर लगेच पाणी. चिमणीचं क्लीनर, टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच या यादीत नाहीत, पाणी घालूनही नाहीत. आतल्या भागात फवारा थेट मारायचा नाही. फडक्यावर घ्यायचा, आणि स्विच, स्क्रीन, टिंट फिल्म वगळायची. स्क्रीनला ओलसर मायक्रोफायबर पुरे. हातमोजे घालायचे, आणि टपावर काही मारताना वाऱ्याकडे पाठ करायची, नाहीतर समुद्राचा वारा तुषार डोळ्यांत आणतो.

नवीन बाटली आधी दाराच्या आतल्या कडेवर, जिथे बाहेरून दिसत नाही, एक मिनिट लावून, धुऊन, वाळल्यावर बघायची. रेलसारख्या चंदेरी धातूवर तीही चाचणी करायची नाही, कारण तिथे चाचणीचा डागही कायमचा राहतो.

चाकांचं एक काम अजून शिल्लक आहे. सोललेल्या कडांमधून लॅकरखाली मीठ शिरलं की आत पांढऱ्या रेघा सरपटत वाढतात, आणि वॅक्स ते फार काळ थोपवत नाही. पावसाळा संपेपर्यंत दर पंधरवड्याला त्या कडा धुऊन नव्याने वॅक्स करायचं आणि दिवाळीच्या सुमारास दोन्ही चाकं रिफिनिशला द्यायची, असं ठरलं आहे.